मेडिकल जवळ म्हणून सगळे पेशंट आमच्याच घरी

पत्र चार पानी होतं, मी कापून देऊन राहिली आहे, पत्र पाठवणारीने राग मानू नये.

"सिस्टर मावशी, आम्ही नागपुरात मानेवाडा रोडला राहतो. मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना जवळ, सुपर स्पेशालिटी त्याहून जवळ, म्हणून सासरकडच्या कोणालाही काही झालं की बॅग घेऊन आमच्याकडेच. सध्या मामसासरे आहेत, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे, वय ६४, पंधरा वर्षांपासून शुगर. पायाला जखम झाली ती दोन महिने झाले भरूनच नाही राहिली. सर्जरीला दाखवलं, ते म्हणाले आधी शुगर कंट्रोल करून आणा. मेडिसिनला गेलो, त्यांनी रिपोर्ट पाहिला, म्हणाले क्रिएटिनिन (किडनीची रक्तातली तपासणी) २.८, वाढलेलं आहे, सुपरला किडनीवाल्यांना दाखवा. सुपरला गेलो तर त्या दिवशी त्यांची ओपीडीच नव्हती. परत आलो तर सर्जरीचा पहिला कागद सापडेना, पुन्हा केसपेपर, पुन्हा रक्त. माझ्या चार सुट्ट्या गेल्या, मी शाळेच्या ऑफिसात कामाला आहे, हेडसर आता तोंडावर बोलत नाहीत पण पाहतात. कोणीतरी सांगितलं की मामाजींचं पांढरं रेशन कार्ड आहे म्हणून सरकारी उपचाराची योजना लागत नाही. त्यांची दोन मुलं, मोठा गावी शेती-ट्रॅक्टर पाहतो, लहाना पुण्याला, दोघंही फोनवर म्हणतात 'वहिनी तुम्ही आहात म्हणून टेन्शन नाही'. आमचे हे म्हणतात आपलेच आहेत. परवा घरी येताना मी ऑटोत रडली. सरळ धंतोलीत प्रायव्हेटला नेऊ का? की आता जमत नाही म्हणून सांगून टाकू? आणि एक, एक्सरेच्या फिल्म गादीखाली ठेवल्या तर चालतात का?"

बाई गं, आधी तुझं ऑटोतलं रडणं. मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, त्यातली अर्धी सर्जरीच्या वॉर्डात, आणि तिथे पेशंट फारसे रडत नाहीत, ते आपले पडून असतात. रडते ते त्याच्यामागे प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन फिरणारं माणूस, जिन्यात, नळापाशी, नाहीतर ऑटोत. तेव्हा तू काही नाजूक वगैरे नाहीस.

आता हे असं काहून होते ते सांगते, कारण ते कळलं नाही तर तू पुढचे चार महिने डॉक्टरांवर चिडत बसशील आणि काम तिथेच राहील. आपल्याला सगळं "सरकारी" म्हणजे एकच वाटते. तसं नाही. मेडिकल, मेयो (तेही सरकारी मेडिकल कॉलेजच), सुपर हे वैद्यकीय शिक्षण खात्याचे. डागा दवाखाना, भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, पवनीचं ग्रामीण रुग्णालय हे सार्वजनिक आरोग्य विभागाचे. गावातलं पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषद चालवते, नागपुरातले छोटे दवाखाने महानगरपालिका, आणि मिहानमधलं एम्स थेट केंद्राचं. एवढे मालक, प्रत्येकाचा केसपेपर वेगळा, नंबर वेगळा, फीचे नियमसुद्धा वेगळे. १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार फुकट झाले ना, ते आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, मेडिकलला तो नियम लागू नाही, म्हणून पवनीत पैसे लागत नाहीत आणि इथे खिडकीवर लागतात तेव्हा लोक क्लार्कशी भांडतात, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. मग एका दवाखान्यातला कागद दुसऱ्यात आपोआप कसा जाईल? आता आभा म्हणजे सरकारी आरोग्य ओळखीचा नंबर आलाय १४ आकड्यांचा, क्यूआर स्कॅन करून टोकन मिळते, रांग वाचते, काढून घेच. पण मामाजींचे सगळे जुने रिपोर्ट त्यात आपोआप दिसतील या भरवशावर राहू नको, जोडले असतील तेवढेच दिसतात. आज तरी कागद पेशंटच्या पिशवीतूनच फिरते.

आणि एकाच दवाखान्यात तरी काय! सर्जरीवाल्याला पाय दिसते, मेडिसिनवाल्याला शुगर, किडनीवाल्याला क्रिएटिनिन. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात गं, शुगर चढलेली असली तर जखम भरत नाही हेही खरं, जखमेत पू असला तर शुगर उतरत नाही हेही तितकंच खरं. पण तिघांना एका जागी बसवून "आता या माणसाचं आधी काय करायचं" हे ठरवणं, हे काम कोणाच्याच नावावर लिहिलेलं नाही. उपचार सगळा आहे तिथे, सांधा नाही. तो सांधा घरच्याच एका माणसाला व्हावं लागते आणि ते माणूस कोण, हे नाव घेऊन ठरवावं लागते. तुमच्याकडे ते न ठरवता तुझ्यावर येऊन पडलंय, खरं दुखणं ते आहे.

तर आता कामाचं. ओपीडीत पेशंट डॉक्टरांकडे फिरतो आणि वॉर्डात भरती असला की डॉक्टर पेशंटकडे येतात. हा एवढा फरक लोकांना कोणी सांगत नाही. भरती पेशंटसाठी सर्जरीचे डॉक्टर मेडिसिनला, किडनीला, डोळ्याला "कॉल" लिहितात, रेफरन्स म्हणतात त्याला, मग तिकडचे डॉक्टर वॉर्डात येऊन पाहून केसशीटवर लिहून जातात. तिघांचं लिहिलेलं एकाच शीटवर येते. ज्याची जखम दोन महिने भरली नाही, शुगर आहे आणि क्रिएटिनिन २.८, त्याला चार ओपीडी फिरवण्यापेक्षा सर्जरीच्या ओपीडीत सरळ विचारायचं, "सर, भरती करून मेडिसिन आणि किडनीचा कॉल लावता येईल का, गावाहून येतात, पुन्हा पुन्हा आणणं होत नाही." हात जोडायचे नाहीत, आवाजही चढवायचा नाही. खाट असेल नसेल, ते हो म्हणतील नाही म्हणतील, पण विचारल्याशिवाय त्या गर्दीत कोणाच्या डोक्यात येत नाही. आणि कॉल लिहिला म्हणजे डॉक्टर आले असं समजू नको. संध्याकाळी सिस्टरला विचारायचं कॉल झाला का, नाही झाला तर सकाळी राउंडला पुन्हा सांगायचं. राउंडच्या वेळी नातेवाईक चहाला गेलेला असते नेमका, हे मी ३१ वर्षं पाहिलं आहे, सगळं तेव्हाच ठरते आणि तेव्हाच खाटेपाशी कोणी नसते.

दुसरं, युनिट, म्हणजे एका विभागातली डॉक्टरांची एक टीम. मेडिकलमध्ये "सर्जरीला दाखवलं" असं काही नसते, सर्जरीच्या कोणत्या युनिटला दाखवलं ते महत्त्वाचं. प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. तू ज्या वारी पहिल्यांदा गेलीस त्या युनिटचे मामाजी पेशंट झाले, आता तू दुसऱ्या वारी गेलीस तर समोरचा डॉक्टर नवा, त्याला काही माहीत नाही, तो पुन्हा पहिल्यापासून रक्त लिहिणार. तुझ्या चार सुट्ट्यांपैकी दोन तरी यात गेल्या असतील, पैज लाव. केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात युनिट लिहिलेलं असते, नसलं तर तिथेच विचारून लिहून घे आणि खाली वार लिही. सुपरचंही तसंच, किडनीची ओपीडी कोणत्या वारी ते आधी कळलं असतं तर तो ऑटोचा खर्च वाचला असता. जेआर म्हणजे शिकाऊ डॉक्टर पोरं बदलत राहतात, त्यांच्या नावावर विसंबू नको, युनिट राहते.

तिसरं फाईल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण यात मी स्वतः आपटलेली आहे. माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नोकरीत होती, दवाखाना दुसरा होता, नाव जाऊ दे. मला वाटलं मी सिस्टर, मला कोण काय शिकवणार. एका डॉक्टरने रक्त पातळ करायची गोळी बंद केली होती, तोंडी सांगितली होती, मी लिहिली नाही. भावाने घरी जाऊन जुन्या चिठ्ठीवरून तीच गोळी सुरू केली. आठ दिवसांनी आईला घेऊन आम्ही पुन्हा कॅज्युअल्टीत. आई वाचली, पण भाऊ आणि मी त्या रात्री बाकावर बसून एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. त्या दिवसापासून मी सगळ्यांच्या मागे लागते.

दुकानात ती पारदर्शक पानांची फाईल मिळते ती आण. सगळ्यात वर एक कोरा कागद, त्यावर हाताने, मोठ्या अक्षरात, मराठीत लिहिलं तरी चालते: नाव, वय, शुगर किती वर्षांपासून, बीपी आहे का, कशाची ॲलर्जी, सध्या चालू असलेल्या गोळ्या डोससकट, बंद केलेल्या गोळ्या आणि कोणी बंद केल्या, शेवटचं क्रिएटिनिन आणि शुगर तारखेसकट, युनिट, वार, रजिस्ट्रेशन नंबर. प्रत्येक डॉक्टरसमोर बसलं की तो कागद वर. त्याच्याकडे तुमच्यासाठी किती मिनिटं असतात ते तू पाहिलंच आहे, त्या वेळात तू कथा सांगत बसलीस की पवनीपासून सुरुवात होते आणि क्रिएटिनिनपर्यंत येता येता पुढचा नंबर पुकारला जातो. खाली कागद तारखेप्रमाणे, नवं वर. घरी आलं की सगळ्याचे फोटो व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर, ज्यात मामाजींची दोन्ही मुलं असतील, नुसत्या मामाजींच्या सेल्फी नको.

आणि त्या कागदावर लाल पेनने लिही: किडनीचा त्रास आहे. कारण जखम दुखते म्हटलं की कोणीतरी दुखण्याची गोळी देते, मेडिकल स्टोअरवाला तर मागितल्याशिवाय देते, आणि डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी आधीच थकलेली किडनी आणखी बसते. शुगरच्या काही गोळ्यांचाही डोस किडनी पाहून बदलावा लागते. कलरचं इंजेक्शन देऊन सीटी स्कॅन सांगितला तर तिथेही आधी किडनीचं सांगायचं. अजून एक, हे फार कमी लोकांना माहीत असते: मामाजी उजव्या हाताने काम करत असतील तर डाव्या हाताच्या शिरांतून रक्त काढू देऊ नका, सलाईनही तिथे नको, शक्यतो पंजाच्या मागच्या बाजूने घ्या म्हणायचं. उद्या देव न करो डायलिसिसची वेळ आली तर फिस्तुला म्हणजे हातातली शीर धमनीला जोडायचं छोटं ऑपरेशन करायला त्या शिरा लागतात, आणि तेव्हा त्या सगळ्या टोचून टोचून खराब झालेल्या असतात.

पांढऱ्या कार्डाचं ज्याने सांगितलं त्याला जुनं माहीत आहे. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आधी पिवळ्या-केशरी कार्डाची होती, १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डालाही आहे, वर्षाला एका कुटुंबाला ५ लाखांपर्यंत. पण त्यात एक गोम आहे, ती ओपीडीच्या गोळ्या-तपासण्यांना नाही, भरती होऊन जे ठरलेले उपचार आहेत त्यांना आहे, डायलिसिस आहे त्यात. म्हणून भरती झाल्या झाल्या आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल शोधायचं, मेडिकलला आहे, योजनेतल्या प्रायव्हेट दवाखान्यातही असते. रेशन कार्ड आणि आधार दोन्हींवर नाव सारखं आहे का ते आज रात्रीच पहा, "रामकृष्ण" आणि "रामक्रिष्णा" यात लोकांचे दोन दोन दिवस गेलेले मी पाहिले. इमर्जन्सीत कागद जवळ नसले तरी फोनवरून कळवून उपचार सुरू करायची सोय योजनेत आहे, कागद नंतर द्यायचे. काही अडलं तर योजनेचा हेल्पलाईन नंबर १५५३८८ लावायचा. आणि पैशाचं, औषधाचं, राहायचं काही अडलं तर मेडिकलमध्ये समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांची खोली विचारत जा, त्यांच्याकडे लोक जातच नाहीत कारण असं कोणी आहे हेच माहीत नसते.

धंतोलीचं विचारलंस. नेता येईल, मनाई नाही, तिथे एसी आहे, पाणी आहे, गोड बोलतात. पण शुगरचा पाय हे एका ऑपरेशनचं काम नाही, महिनोन्‌महिने ड्रेसिंग चालते, मध्येच पैसे संपले की पेशंट शेवटी मेडिकललाच येते, तेही जास्त बिघडून, आणि असे मी मोजता येणार नाहीत इतके पाहिले. न्यायचंच असेल तर आधी तो दवाखाना योजनेत आहे का आणि याच उपचारासाठी आहे का, दोन्ही विचारायचं. नुसता बोर्ड पाहून आत शिरू नका.

तोपर्यंत घरी एवढं: पाय गरम पाण्यात शेकायचा नाही, शुगरवाल्याला चटका कळत नाही, हळद-चुना-राख काही लावायचं नाही, अनवाणी संडासलासुद्धा जायचं नाही. बोट काळं पडलं, वास यायला लागला, थंडी वाजून ताप आला, लाली वर चढायला लागली, लघवी कमी झाली, यातलं काहीही झालं तर वार-युनिट विसरायचं आणि रात्री दोन वाजता का असेना कॅज्युअल्टी गाठायची. चालवत नेण्यासारखे नसतील तर १०८.

आता घरचं. तुझा नवरा म्हणते आपलेच आहेत. आहेतच. पण आपले आहेत म्हणजे तू एकटीने सुट्ट्या घ्यायच्या असं कुठे लिहिलंय? त्याने किती घेतल्या ते तुझ्या चार पानांत कुठेच नाही, मी दोनदा वाचलं. "वहिनी तुम्ही आहात म्हणून टेन्शन नाही" हे वाक्य ज्याने काढलं त्याला माझ्याकडे पाठव एकदा. तू नाही म्हणू नको, पण वाटून दे. तुझ्या घरची खोली, दोन वेळचं जेवण, डबा, हे तुझं. फाईल, राउंड, आरोग्यमित्र, सही, हे पोराचं. ऑपरेशनच्या संमतीवर उद्या सही कोण करणार, बोट काढायचं की पाय ते कोण ठरवणार, भाचेसून? बोट काढावं लागलं तर सगळं गाव म्हणणार नागपूरवालीने नीट दाखवलं नाही. मोठ्याला सरळ फोन लाव, रडत नाही, हिशोबात बोल: सर्जरीच्या युनिटचा वार अमुक आहे, आदल्या रात्री पवनीहून बसने ये, सकाळी तुला बाबांना घेऊन जायचं आहे, भरती झाले तर चार दिवस तुझे आणि पुढचे चार लहान्याचे. ट्रॅक्टर चार दिवस भाड्याने दुसऱ्याच्या हाती देता येते. लहाना पुण्याहून येऊ शकत नसेल तर औषधाचे आणि रात्री थांबायला माणूस ठेवायचे पैसे त्याने पाठवायचे. तो म्हणेल मला तिथलं काही समजत नाही. तुला तरी कुठे समजत होतं? पहिल्या दिवशी तू सोबत जा, सगळ्या खिडक्या दाखव, त्यानंतर जायचं नाही, कितीही फोन आले तरी नाही. हे तुला जड जाईल, माहीत आहे मला.

आणि सगळं नागपूरलाच कशाला? डिस्चार्ज झाला की कार्डावर डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यायचं, ड्रेसिंग किती दिवसांनी, कोणती तपासणी किती दिवसांनी, नागपूरला परत कधी आणि कोणत्या युनिटला. रोजचं ड्रेसिंग, शुगर-बीपी मोजणं पवनीच्या ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर जवळच्या पीएचसीत होते, नेहमीच्या शुगर-बीपीच्या गोळ्याही बरेचदा तिथेच मिळतात, आणि तिथे फी नाही. गावच्या आशाताईला फाईलचा पहिला कागद दाखवून ठेवा, पेशंट गोळ्या खाते की पिशवीत जमा करते हे तिच्याइतकं कोणालाच कळत नाही. पुढेमागे डायलिसिस लागलंच तर तेही आधी भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालयात विचारा, आठवड्यातून दोन-तीनदा नागपूरचा प्रवास माणूस झेपवत नाही, आणि तू तर नाहीच. लोक ड्रेसिंगसाठी ऐंशी किलोमीटरवरून मेडिकलला येतात, का तर मोठा दवाखाना. अरे बापा, ड्रेसिंगची पट्टी मोठ्या दवाखान्यात काही मोठी असते का.

हेडसरचं राहिलं. एक दिवस खुर्चीसमोर बसून दोन वाक्यांत सांगून टाक, घरी पेशंट आहे, पुढच्या महिन्यापासून त्यांचा मुलगा पाहणार आहे. पाहणं थांबते बहुतेकांचं, सांगितलं की.

आणि एक्सरे गादीखाली नको ठेवू, घडी पडते, उन्हाळ्यात एकमेकांना चिकटतात. कपाटावर सपाट ठेव, वर जड काही नको, आणि पाकिटावर तारीख टाक, नाहीतर पुढच्या ओपीडीत चार फिल्ममधला नवा कोणता यावरून तूच भांडशील डॉक्टरशी.